हात धुतले की झालं

३ मार्च

ति. मामांस,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? आईने एवढं विचारायला सांगितलंय, ते विचारून झालं.

मेंदूच्या शस्त्रक्रियेचं माझं सहा वर्षांचं शिक्षण या महिन्यात संपतंय. लॉगबुकात तीनशे बारा शस्त्रक्रिया ‘स्वतः केल्या’ म्हणून लिहिल्यात. खरोखर केल्या सतरा. आमच्याकडे हात धुऊन टेबलाशी उभं राहिलं की शस्त्रक्रिया आपल्या नावावर चढते. मी सक्शनची नळी धरते आणि सरांच्या परदेशवाऱ्या ऐकते. कवटी उघडताना अडखळतात ते स्वतः, आणि बोंब मात्र ड्रिल बोथट असल्याची. नाचता येईना, अंगण वाकडं! सर म्हणतात, लॉगबुकावर तू सही कर, खाली मी करतो.

सही केली तर पहिल्या तारखेपासून एका लहान इस्पितळात मी एकटी सर्जन. मागे कुणी नाही. नाही केली तर आणखी एक वर्ष. सर तुमचेच विद्यार्थी, म्हणून विचारते.

आईचा नमस्कार. राग नसावा.
तुमची मिरची

९ मार्च

चि. मिरचीस,
अ. उ. आ.

गुडघा कुरकुरतो, जीभ शाबूत आहे. तुझा सर म्हणजे बडा घर पोकळ वासा. सहा वर्षांत सतरा! आमचा कोपऱ्यावरचा न्हावीसुद्धा सतरा डोकी करून दुकान थाटत नाही, आणि त्याचं चुकलं तर केस पुन्हा उगवतात. असला माणूस माझ्या हाताखाली शिकला, याची लाज वाटते मला. सही करू नकोस. वर्ष गेलं तर गेलं. त्याला माझं नाव सांगून खडसाव.

आईला सांग, माझी काळजी करू नकोस. दोघी जीव लावता तसा लावत राहा.
मामा

१७ मार्च

ति. मामांस,
नमस्कार.

दोनशे पंचाण्णव नोंदी खोडल्या. वर्षभर इथेच राहते आहे.

तुमचं नाव सांगून सरांना खडसावलंही. ते ओशाळले नाहीत, हसले. कपाटातून स्वतःचं जुनं लॉगबुक काढून माझ्यापुढे टाकलं. दोनशे चाळीस शस्त्रक्रिया. स्वतः किती केल्या, विचारलं, तर म्हणाले, अकरा. बाकीच्या वेळी नळी धरून तुझ्या मामांच्या परदेशवाऱ्या ऐकत होतो. शेवटच्या पानावर ‘पूर्ण सक्षम’ असं लिहिलंय. अक्षर तुमचं, सही तुमची.

मला तुमची लाज वाटली मामा. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

गुडघ्याला जपा. आशीर्वाद असू द्यावा, सही नको.
मिरची