मोटर माझी होती

मी, मैनाबाई गेनबा पायगुडे, वय बहात्तर, राहणार मौजे चिंचमळा, पूर्वी तालुका हवेली, आता पुणे महापालिकेच्या हद्दीत, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गावाचे मत वेगळे आहे. पण गावाचा दाखला कायद्याला लागत नाही.

मसुदा नारायण पेठेतल्या वकील भाग्यश्री दामले यांनी केला. त्या म्हणाल्या, "आजी, मृत्युपत्रात एवढं सगळं लिहीत नाहीत." मी म्हटले, "मग मेल्यावर कुठे लिहू?" त्यांनी लिहायला घेतले.

१. मला मूलबाळ नाही. माझे पती वारल्यावर त्यांच्या वाटणीची जमीन, घर आणि भाड्याच्या खोल्या माझ्या एकटीच्या नावावर झाल्या. मी काही न लिहिता गेले, तर हे सगळे माझे दीर आप्पासाहेब यांच्या हाती जाईल. तसे होऊ नये म्हणून हा खटाटोप.

२. आप्पासाहेबांची बायको लवकर गेली. त्यांची मुलगी तनुजा आणि पाळण्यातला रणजित या दोघांना मी वाढवले. हे आधी सांगते, कारण पुढचे वाचून लोक म्हणतील, चुलतीच ती, तिला कसली माया.

३. सन २०१७ च्या उन्हाळ्यात, भर दुपारी, माझ्या विहिरीवरची मोटर खोलताना सुदर्शन नावाचा तरुण सापडला. वाशिमकडचा. कारखान्यातले काम सुटले होते, आई गोदाबाईबरोबर माझ्याच एका खोलीत भाड्याने राहायचा. तो चोरी करत होता, यात मी खोटे बोलणार नाही. त्या वर्षी गावातल्या मोटरी, केबली फार गेल्या होत्या आणि लोक तक्रारी करून दमले होते, हेही खरे. मी पोलिसांना फोन केला. गाडी निघाली म्हणाले. तेवढ्यात रणजितने त्याला विजेच्या खांबाला बांधले, आणि तो व त्याचे मित्र पाइपने मारू लागले.

"सोड त्याला! गाडी येतीया," म्हणत मी मध्ये पडले.

"काकी, बाजूला हो. पोलीस नेत्यात आन् चार दिसांनी सोडत्यात. आज याचा निकाल हितंच."

मी हटले नाही. एक पाइप माझ्या मनगटावर बसला. मग दोघांनी मला उचलून ओसरीवर नेऊन बसवले. गाडी आली तेव्हा सुदर्शनचे पाणी मागणे थांबले होते.

४. आप्पासाहेब माझ्याकडे आले. "वहिनी, तुमी घरात व्हता. तुमाला काय दिसलं न्हाई."

"मला अजून मोतीबिंदू झाला न्हाई," मी म्हटले.

कोर्टात रणजितच्या वकिलांनी विचारले, "बाई, चोरी तुमची झाली. मग चोराच्या बाजूने का बोलता?" मी सांगितले, "मोटर माझी होती. त्या पोराचा जीव माझा नव्हता. रणजितचाही नव्हता." मारणारा कोण ते दाखवा, सरकारी वकील म्हणाले. मी बोट दाखवले. रणजित माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी तापात असाच बघायचा. मी बोट खाली घेतले नाही.

बाहेर गोदाबाई भेटली. म्हणाली, "माह्या पोरानं चोरी केली, मले मान्य हाय जी. जेलात टाकाचं होतं त्याले. म्या डबा तरी नेला असता."

कायदा लंगडतो, हे मला कोणी शिकवू नये. त्याच्या मागून मी पाच वर्षे चालले आहे. पण तो पोहोचला. सदोष मनुष्यवध, रणजितला सात वर्षे सक्तमजुरी.

५. मधल्या काळात रणजित जामिनावर सुटला तेव्हा आप्पासाहेबांनी त्याला हार घातले आणि 'गावाचा वाघ' असा फ्लेक्स मुद्दाम माझ्या दारासमोर लावला. मला लग्नाबारशाची आमंत्रणे बंद झाली. माझ्या पतीच्या वर्षश्राद्धाला भावकीतून एकटी तनुजा जेवायला आली. बाकीच्या पंगतीला मी भाडेकरू बसवले. सदर फ्लेक्स मी उतरवून गोठ्यावर टाकला आहे. पाणी अजिबात गळत नाही. माझ्यामागे तो आप्पासाहेबांना परत करावा. त्यांना माझ्या मिळकतीतून एवढेच.

६. येरवड्याला मी रणजितच्या मुलाखतीला गेले. दोनदा तो आलाच नाही. तिसऱ्यांदा आला.

"कशाला आलीस? तुझ्यासाठीच मारला ना त्याला?"

"माझ्यासाठी मारलास, तर माझं ऐकायचं होतंस. मी सोड म्हणत होते."

त्याने मग विचारले, "आता जमीन बी काढून घेणार म्हणं?"

त्याचे उत्तर इथे देते. माझी विहिरीकडची अकरा गुंठे जमीन मी रणजितला देते. वकीलबाई म्हणाल्या, निदान चांगल्या वागणुकीची अट घाला. अट घालणार नाही. त्याला शिक्षा न्यायाधीशांनी दिली, आणि तो ती भोगतो आहे. वर माझी वेगळी शिक्षा चालवायची, तर खांबाजवळ त्याला अडवायला मी कशाला गेले होते? कुणी याला पश्चात्ताप म्हणू नये. उद्या पुन्हा बोलावले, तर पुन्हा साक्ष देईन, पुन्हा बोट दाखवीन.

७. गोदाबाई राहते ती खोली तिच्या मालकीची करून देते. ही भरपाई नव्हे. माणसाची भरपाई होत नाही. गाव तिला 'चोराची आई' म्हणून उठवायला निघाले होते. आता मालकिणीला उठवून दाखवावे.

८. राहते घर, उरलेल्या खोल्या आणि बँकेतली शिल्लक तनुजाला. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. बाप दटावेल. तिने दटावून घेऊ नये.

९. मला अग्नी रणजितने द्यावा. रजा मिळाली नाही तर तनुजाने द्यावा. भावकीने खांदा देण्याची तसदी घेऊ नये. भाडेकरू पुरेसे आहेत.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे वाचून घेतले, समजले, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: मैनाबाई गेनबा पायगुडे

साक्षीदार पहिले: डॉ. श्रीनिवास आगाशे, पुणे.

साक्षीदार दुसरे: संजय बबन पायगुडे, चिंचमळा. यांच्याबद्दल दोन शब्द. मारहाण झाली तेव्हा हे दहा पावलांवर उभे होते, आणि कोर्टात 'मी काही पाहिले नाही' म्हणाले. आज कुणी न बोलावता आले. म्हणाले, "काकी, साक्षीला माणूस लागतो म्हणं." मी त्यांच्यासमोर सही केली आणि विचारले, "बघितलंस?"

"बघितलं."

"मग तसं लिही."

त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले ते असे: मी समक्ष पाहिले. संजय बबन पायगुडे.

ठिकाण: पुणे
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५