दोन सोमवार आणि मधला गुरुवार

शनिवार, १ मार्च

पोचले एकदाची. बसस्टॉपवर माझी सख्खी बहीण फिडेल्मा स्वतः गाडी घेऊन आली होती, मागच्या सीटवर तिची तिन्ही पोरं आणि एक ओला कुत्रा. वरची खोली मला दिलीय. खिडकीतून चर्च दिसतं, मेंढ्या दिसतात आणि खाली वाकलं की आपल्या पार्लरची पाटी. 'आपल्या' म्हणजे आता खरंच आपल्या. फिडेल्माचा उजवा हात वर्षभर थरथरतोय आणि डिसेंबरमध्ये तिने एका बाईचा कान कापला. तेव्हा फोनवर रडत म्हणाली होती, नुअला, डब्लिन सोड, ये, अर्धं पार्लर तुझं. मी तशीही तिकडच्या भाड्याला आणि माझ्या झोपेला वैतागले होते. दोन वर्षं झाली, रात्री तीन तासांवर डोळा लागत नाही. फिडेल्मा म्हणे, त्याचीही सोय केलीय. ऑनर गिलरॉयकडे नाव घातलंय तुझं. झाडपाल्याचं औषध देते, पण अडाणी नाही हं, भिंतीवर सर्टिफिकेट आहे.

सोमवार, ३ मार्च

ऑनरबाई मला आवडल्या. साठीच्या, गळ्यात चष्मा, नखांत माती. काचेच्या खोलीत रोपांचे ट्रे आणि मध्ये आम्ही दोघी, दीड तास. जीभ बघितली, नखं बघितली. पाय गार पडतात का, चहा किती, जाग आल्यावर पहिला विचार कोणाचा येतो. एवढं मला माझ्या आईनेही कधी विचारलं नाही. मग विचारलं, काम कोणत्या हाताने करतेस. उजव्या मनगटाला दोरा गुंडाळून माप घेतलं. मी म्हटलं, घड्याळ देताय की काय. हसल्या. म्हणाल्या, प्रत्येक बाटली एकाच देहाची असते, मापाशिवाय कशी भरू.

तीनदा यायचं. दोन सोमवार आणि मधला गुरुवार. त्यांच्या आजीपासूनची पद्धत. औषधाला जुन्या मोज्यांचा वास येतो.

फिडेल्मा बाहेर गाडीत थांबली होती. मला बघून उतरली आणि घट्ट मिठी मारली. ती कधी मिठी मारत नाही.

मंगळवार, ४ मार्च

नऊ तास झोपले! उपास सुरू व्हायच्या आदल्या दिवशीचे पॅनकेक. फिडेल्माने एक हवेत उडवून तव्यात झेलला. उजव्या हाताने. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीपण.

गुरुवार, ६ मार्च

दुसरी खेप. झोपेचं काहीच विचारलं नाही त्यांनी. आधी हात बघितला, बोटं एकेक ताणून. बाटली तीच, औषध नवीन.

दुपारी फिडेल्माने एका मुलीच्या कपाळावरचे केस कापले. सरळ रेघ. वर्षभरात पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की मी केकच आणला.

शुक्रवार, ७ मार्च

कंगवा दोनदा पडला. कात्री एकदा. आरशात बघितलं तर बाकड्यावरच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. एरवी यांची तोंडं मिटत नाहीत.

शनिवार, ८ मार्च

टेस लॉक्रन दर शनिवारी केस सेट करायला येतात. ऐंशीच्या आहेत. माझा हात त्यांच्या डोक्यावर थरथरला, तर सहज म्हणाल्या, लागला वाटतं तुला. कसला, विचारलं. मग सगळं सांगितलं, हवापाण्याचं बोलावं तसं. ऑनरच्या घरात दुखणं बरं करत नाहीत गं, हलवतात. ज्याच्याकडे दुखणं जायचं तो सख्ख्या रक्ताचा हवा आणि त्याने स्वतःच्या पायाने तीनदा जायला हवं. माझा दमा माझ्या भावाने, पॅकीने नेला. बिचारा गुडघ्यासाठी जायचा.

मी विचारलं, तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं? म्हणाल्या, तू बॅग घेऊन उतरलीस तेव्हाच. मग सांगितलं का नाही? तर म्हणे, फिडेल्मासारखे केस कोण कापतं इथे? आणि तू काय बाई, उद्या डब्लिनला परत गेली असतीस.

रविवार, ९ मार्च

फिडेल्मा पोरांना घेऊन चर्चमध्ये. मी बॅग भरली, बस उद्याच आहे. चेन लावायला दहा मिनिटं लागली.

तिसऱ्यांदा जाणार नाही. नाही गेले तर पक्कं होणार नाही. हे हात माझे आहेत. मला दुसरं काहीच येत नाही.

सोमवार, १० मार्च, सकाळ

फिडेल्मा खोलीत आली. न विचारता सगळं कबूल केलं. पाय धरले माझे. म्हणाली, मला पोरं आहेत, तू एकटी, म्हणून केलं, पण शुक्रवारपासून मला घास जात नाही. उलटवता येतं म्हणाली. बाटली नेऊन ऑनरच्या हातात द्यायची, बास, सगळं परत माझ्याकडे येईल, मी भोगेन माझं.

लहानपणी रडायची तशीच रडत होती. मीपण रडले. बाटली घेऊन निघते आहे.

सोमवार, दुपार

दिली. ऑनरबाईंनी दार उघडलं — वाटच बघत होत्या. म्हटलं, परत करायला आलेय. हो, हो, ये ना आत. गेले — आत गेले मी —

बाटली घेतली, खिडकीत ठेवली. माझ्या नावाच्या कार्डावर खूण केली. दोन होत्या आधी. तिसरी.

म्हटलं, उलटतं ना यानं? चष्म्यावरून बघितलं. कोण म्हणालं तुला.

मग म्हणाल्या — आज सोमवार ना.

मी. माझ्याच पायाने.

सोमवार, चार वाजता

डाव्याने पेन धरतेय. उजवा मांडीखाली दाबलाय तरी

खाली कात्री चालतेय. न थांबता. बायका हसतायत. टेसचाही आवाज, अगं, आज शनिवार नाही तरी आलेच मी. फिडेल्मा काहीतरी गुणगुणतेय —

बॅगची चेन उघडत नाही

जिना चढतेय ती. दाराबाहेरून म्हणतेय, नुअला, केस किती वाढलेत गं तुझे. खाली ये, छान कापून देते. आता भीती नाही, हात अगदी स्थिर