जावयाच्या जांघेवर माझी मूठ

११ मार्च
जांघ म्हटलं की नर्सिंगच्या पोरी वह्यांमागं तोंड लपवून फिदीफिदी हसतात. आज चिडलेच. "बाहेरून आत म्हणा — मज्जातंतू, धमनी, शीर. इथं फडकं आवळून रक्त थांबत नाही. मूठच रोवावी लागते." तरी हसल्याच.

१४ मार्च
हात अजून ठणकतोय. जावई, लुबोवा — न्येंडोच्या बाजारात मांसाचं दुकान आहे त्याचं. हाडावरून मांस सोडवताना सुरी निसटली, थेट जांघेत. आमच्या दवाखान्यात आणला आणि सवयीनं मी तोंड फिरवलं. आमच्यात सासू-जावयानं समोरासमोर यायचं नसतं, शिवायचं तर नाहीच. पण खाली रक्ताचं थारोळं! खाटेवर चढले, मूठ रोवली. मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत उचलली नाही. त्यानं काय करावं? माझं तोंड दिसू नये म्हणून डोळ्यांवर हात घेतला.

१६ मार्च
वाचला.

२५ मार्च
उभा राहिला की गुडघा मुडपतो. त्याची आत्या भर वॉर्डात म्हणते, "सासूचा हात लागला, पाय गेला. दुसरं काय होणार?"

डोकंच फिरलं माझं. "आत्याबाई, सुरीनं मज्जातंतू कापलाय. शिवल्यानं कुणाचे पाय जात नाहीत."

"शिकलेल्या तुम्ही. तुम्हाला कोण सांगणार?"

मी हात लावला नसता नि तो मेला असता, तर रीत पाळली म्हणून हिनंच माझं कौतुक केलं असतं. निर्लज्ज बाई.

२ एप्रिल
लेक आली, नाबुलिमे. बोचकं घेऊन. "ते म्हणतात, तुझ्या आईनं मला लंगडं केलं. तुझ्या हातचे शिजवलेल्या केळ्यांचे मटोकेही नकोत."

"राहू दे उपाशी."

"आई, दुसऱ्या कुणाला तरी दाबायला सांगायचंस ना."

दुसरं कोण होतं तिथं? माझ्याच लेकीनं हे विचारावं! उद्या त्याचं ऑपरेशन केलेल्या डॉक्टर ओपियोंना गाठते. सुरीनंच कापलंय, हे त्यांच्या तोंडून सगळ्यांना ऐकवते.

३ एप्रिल
मज्जातंतू कापलेला नाही. डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलाय. सुरी त्याच्या आतल्या बाजूला लागली, धमनीला. मज्जातंतू चेंगरलाय — माझ्या मुठीखाली. कापलेला सहसा जुळत नाही, चेंगरलेला सावरतो. म्हणूनच काही महिन्यांत लुबोवा चालेल. पण हे त्याला सांगायचं, तर पाय माझ्याच हातानं गेला हेही आत्याबाईंसमोर म्हणावं लागेल.