आपसूक पडलेला दात

प्रिय आबा,

आज सकाळी स्वरा उठली ती तुमचा निरोप घेऊनच. लेकीच्या लेकीच्या स्वप्नात जाता, आणि माझ्या नाही? म्हटलं, आपणच पत्र लिहावं. परवा तिचं हृदयाचं ऑपरेशन आहे. हात रिकामे राहिले की भीती वाटते.

तुम्ही म्हणे मोहन्याला, आपल्या गावच्या घराच्या कौलांवर बसला होतात, बनियनवर, पाय खाली सोडून. अंगणभर खाडीचं पाणी होतं, पण तिचे पाय भिजत नव्हते. तिच्या हातात डबी, डबीत डॉक्टरांनी काढलेल्या दोन किडक्या दाढा. ती एकेक वर फेकायची आणि तुम्ही झेलून परत तिच्या ओंजळीत टाकायचात. "ह्यो नको गो, आपसूक पडलेला आण," म्हणालात.

दुधाचा दात कौलावर टाकला की नवा चांगला येतो, ही तुमचीच शिकवण. आम्हा भावंडांचे सगळे दात त्याच कौलांवर गेले. स्वराचा पहिला दातही तिथेच टाकायचा, हे तुम्ही ती बोळकी असतानाच ठरवून टाकलेलं. कोपरच्या आमच्या सातव्या मजल्यावर कौलं कुठून आणणार?

पण आबा, त्या दाढा किडल्या कशाने? तुमच्या खडीसाखरेने! जन्मापासून हृदयाला भोक, म्हणून रोजचं कडू औषध. मी ऑफिसात, ती तुमच्याकडे. औषध गिळलं की तुमच्या खिशातला खडा तिच्या गालात. तो चघळतच ती झोपायची. मी ओरडले तर म्हणायचात, "अगो, दुधाचेच दात ना? पडतील नि नवीन येतील."

मलाही ते पटायचं. दात वेगळे, हृदय वेगळं, असंच वाटायचं. तुम्ही गेलात आणि मग हृदयाच्या डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून पाहिलं. किडक्या दातातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जातात, म्हणाले, आधी दात नीट करा. ऑपरेशन पुढे गेलं. जिना चढताना तिचे ओठ निळे पडायचे आणि मी तुमच्या फोटोला हार घालायचं बंद केलेलं. भांडायलाही तुम्ही नव्हतात.

दाढा काढायच्या आधी तिला जंतूंवरचं औषध दिलं, तेही कडूच. परतताना घोडबंदर रोडला रिक्षा अडकली. गालात कापूस धरून ती बोबडं बोलली, "आबा असते तर साखर दिली असती." राग तसाच होता, पण मी रडले. तिच्यासाठी ती साखर नव्हतीच, तुम्ही होतात.

आता औषधानंतर आम्ही चूळ भरतो आणि ब्रश करताना ती आरशातल्या दातांशी गप्पा मारते. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाकीचे दात छान आहेत, आपल्या वेळेला पडतील. केवढं साधं वाक्य! मी ते दिवसभर मनात घोळवते.

आज तुमच्या फोटोला हार घातलाय.

आबा, परवा तिच्या उशाशी बसा. खिसा मात्र रिकामा ठेवा. आणि मी शब्द देते, तिचा पहिला दात आपसूक पडेल, त्या दिवशी तिला घेऊन मोहन्याला येईन. कौलावर तो तीच फेकेल, स्वतःच्या हाताने. तुम्ही फक्त झेला. या वेळी परत देऊ नका.

तुमचीच,
बेबी