होडीतली पुढची जागा

मंगळवार, दुपारी

धाकटे,

पत्र पोचलं, मी बरी आहे, तेवढं पुरे. पत्रातल्या त्या हातांच्या खुणा माझ्या आहेत. पोट थोपटलं की पाणी उथळ, डोक्यावर मूठ ठेवली की मोठी बोट येतेय, थांब. इंजिनाच्या आवाजात मागे सुकाणूवर बाबांना ऐकू जायचं नाही म्हणून पुढे बसून मी अकराव्या वर्षी काढल्या. आणि मेहुणे लिहितात, काय अक्कल लढवलीय हिने, हिच्या हातांवर आम्ही सहा बंदरं पार केली. खाली तुझी सही. 'ताईच्या आहेत' एवढं लिहायला शाई संपली होती का?

मी इथे लाँड्रीत दिवसभर खलाशांचे शर्ट इस्त्री करते. खिडकीतून सगळं बंदर दिसतं. पत्रासोबत आलेले तुझे होडीतले फोटो मालकिणीने भिंतीला लावलेत. गिऱ्हाइकं विचारतात, ही कोण? मी सांगते, बहीण आहे, लहानपणी डबक्यालासुद्धा भ्यायची.

तू म्हणशील, ताईला होडी लागते, तिनेच पाणी सोडलं. मीच उठवलंय ते. मला कधी साधं मळमळलंसुद्धा नाही.

बाबांच्या बरगड्या मोडल्या ना, ती चूक टगवाल्याची नव्हती. धुकं होतं. जहाजं ओढणारी ती टग एकदम समोर आली. मी घाबरून मागे बाबांकडे तोंड फिरवलं आणि उजवीकडे वळा म्हणून उजवा हात केला. तोंड फिरवल्यावर माझा उजवा तो त्यांचा डावा, हे डोक्यात आलंच नाही. हात दिसला तिकडे त्यांनी होडी वळवली. टगवर आदळलो.

ते कुणाला बोलले नाहीत. मलाही नाही. बरे झाल्यावर तुला पुढे बसवलं आणि म्हणाले, "मोठे, तू आता घराकडे बघ."

तू माझ्याच खुणा करत निघायचीस. मी धक्क्यावर उभी राहून बघायचे, ही कधी चुकते. नाही चुकलीस. बाबांनी होडी तुला दिली तेव्हा मीच पुढे होऊन म्हटलं, मला काय करायचीय ती. तीस वर्षं तुझ्यावर जळतेय. लिहिलं एकदाचं.

पुढच्या शुक्रवारी इथून जाणार आहात ना? बाहेरच्या बाहेर जाऊ नका, धक्क्याला लागा. बंदरातून बाहेर पडेपर्यंत पुढे मी बसणार, तू मागे. तोंड फिरवणार नाही. मेहुण्यांना का ते तूच सांग, सगळं सांग.

हो की नाही, पुढच्या बुधवारपर्यंत कळव. नाही असेल तरी तुझ्या हाताने लिही, त्यांच्या नको.

तुझ्या आधी तिथे बसलेली,
ताई