फुलीशिवाय एक चित्र

३ मार्च, सोमवार

आजपासून नवी वही, नवा मी. जुन्या वहीत नुसते निश्चय होते. या वहीत झालेली कामं असतील.

लोककथांच्या पुस्तकाचं काम आलं. बारा कथा, बारा चित्रं, वर मुखपृष्ठ. मुदत पाच आठवडे. दिवसाला अर्धं चित्र काढलं तरी महिन्याच्या आत सगळं हातावेगळं. उरलेला आठवडा आराम.

निश्चय: पहाटे पाचला उठणे. मोबाईल दुसऱ्या खोलीत. प्रत्येक प्राणी निरीक्षणातून. हल्लीची मंडळी इकडून शिंगं उचलतात, तिकडून पंख उचलतात आणि कॉम्प्युटरवर चिकटवतात. मी आधी बघतो, मग काढतो. कल्पनेतून आजवर एक रेघ मारलेली नाही. अशी नजर या धंद्यात आता फारशी कुणाकडे उरलेली नाही. गर्वाने म्हणत नाही, वस्तुस्थिती आहे.

४ मार्च, मंगळवार. दुपारी ३.१५

पाचचा गजर ऐकला. साडेआठला उठलो.

सात तोंडांचा साप पूर्ण. झकास जमला. मोठ्या आशेने बाबांना दाखवला.

बाबांनी चाळीस वर्षं दुकानांचे बोर्ड रंगवले. आता एकोणऐंशीचे आहेत, दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत असतात, पण शर्टाच्या खिशातली निळी पेन्सिल सुटलेली नाही. चित्र हातात घेतात, चूक असेल तिथे बारीकशी फुली मारतात, आणि मग तोंड उघडतात. मी सात वर्षांचा असताना काढलेल्या बदकालाही दोन फुल्या होत्या.

सापाला चार. म्हणाले, हा डावीकडे वळला तर याची चौथी मान कुठे जाणार? मी म्हटलं, बाबा, साप काल्पनिक आहे. ते म्हणाले, असू दे, पण वळायला जागा लागतेच ना.

पाचवी फुली खाली उजव्या कोपऱ्यात. तारीख-वेळ टाकायची राहिली होती. हा त्यांचा जुना नियम. बोर्डाच्या पाठीमागेसुद्धा ते तारीख आणि वेळ लिहीत. म्हणतात, चित्र कधी काढलं हेच सांगता येत नसेल तर ते काढलं कशाला? मुकाट्याने टाकली.

बावन्न वर्षांचा झालो. बक्षिसं नकोत, सत्कार नकोत. बाबांच्या हातून एक चित्र फुलीशिवाय परत यावं, बस्स.

६ मार्च, गुरुवार

संपादकबाईंचा फोन. पुलाखालचा राक्षस आधी हवा. गोष्ट अशी: पुलाखाली एक म्हातारा राक्षस राहतो. पूल ओलांडणाऱ्याने त्याला त्याने कधीच न ऐकलेली गोष्ट सांगायची, नाहीतर तो गिळणार. बाई म्हणाल्या, राक्षस भयानक पाहिजे, पण मुलांना त्याची दया आली पाहिजे. मी म्हटलं, निर्धास्त राहा.

सात राक्षस काढले. सातवा आमच्या दाताच्या डॉक्टरसारखा दिसतो. त्याची दया कुणालाच येणार नाही.

विहिरीतल्या चेटकिणीसाठी हिला विचारलं, जरा केस सोडून बसतेस का? ही म्हणाली, सकाळी आठला मी ऑफिसला निघते तेव्हा बघा, वेगळं बसायची गरज नाही. कलेबद्दल या घरात आदर नाही.

८ मार्च, शनिवार

सुचलं! राक्षस घरातच आहे.

बाबांना विचारायला थोडा संकोच वाटला. पण ते खूश झाले. दाढी करू का, म्हणाले. मी म्हटलं, अजिबात नको. तासभर ताठ बसले. मग चित्र मागून घेतलं. अकरा फुल्या. म्हातारा माणूस आधी खांद्यात वाकतो, कमरेत नंतर. एवढंही दिसत नाही का तुला, म्हणाले. ज्याचं चित्र त्यानेच चुका काढायच्या, हा कुठला न्याय?

ही सोमवारी ऑफिसच्या ट्रेनिंगला जातेय. तीन दिवस. फ्रिजवर यादी लावली आहे: गोळ्या, जेवण, डॉक्टरांचा नंबर लाल शाईत. म्हणाली, काल बाबा उजव्या हाताला मुंग्या येतात म्हणत होते, जरा लक्ष ठेवा हो. मी म्हटलं, लक्ष ठेवणं हाच तर माझा धंदा आहे.

१० मार्च, सोमवार

ही सकाळी गेली. घरात शांतता, प्रकाश उत्तम. बाबा दोन तास बसले. सहा फुल्या. अकरावरून सहा! या गतीने गुरुवारपर्यंत शून्य.

पहाटे पाचचं उद्यापासून.

११ मार्च, मंगळवार. सकाळी १०.४०

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा आहे.

बाबा नाश्त्यानंतर खुर्चीत बसले आणि चेहऱ्यावर असा काही भाव आणला की मी थक्क झालो. ओठाचा उजवा कोपरा खाली, डावा जागच्या जागी. उजवी पापणी जड. आधी वाटलं रेघ चुकली. खोडली. पुन्हा काढली, पुन्हा वाकडी. मान वर करून पाहिलं तर चेहरा खरोखर तसाच. भयानक, आणि तितकाच केविलवाणा. बाईंना हवा तो राक्षस हाच. बाबांनी माझ्यासाठी एवढा विचार केला असेल असं वाटलं नव्हतं.

मी तोंड तसं धरून ठेवा म्हटलं. त्यांनी धरून ठेवलं.

दुपारी १.३०

पूर्ण. पावणेतीन तासांत एकदाही हलले नाहीत. कोपऱ्यात सुरू केल्याची तारीख-वेळ टाकली, बोलणी खायला नकोत. चित्र त्यांच्या मांडीवर ठेवलं.

बघत राहिले. खूप वेळ. खिशातली पेन्सिल मी काढून हातात दिली तर गळून पडली. उचलून दिली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा मी दिलीच नाही. माणसाने हार मानली की समोरच्याने थांबावं.

काहीतरी पुटपुटले. शब्द कळले नाहीत. भारावून गेल्यावर बोलता येत नाहीच. डोळ्यांत पाणी होतं, तेही उजव्यातच. माझ्याही आलं.

एकही फुली नाही. शून्य. पंचेचाळीस वर्षांनी शून्य!

संध्याकाळी ७.००

जेवण नको म्हणाले. म्हणजे हाताने तसं केलं. पाणी प्यायले, निम्मं शर्टावर. थकलेत. मॉडेलिंग हे अंगमेहनतीचं काम आहे, लोकांना वाटतं नुसतं बसायचं. खांद्याला धरून पलंगापर्यंत नेलं. भलतेच जड झाले होते.

ताईचा नेहमीचा फोन. बाबांना दे म्हणाली. मी म्हटलं, झोपलेत, आज स्वारी एकदम खूश आहे. ताई म्हणाली, एवढ्या लवकर? तिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे. बाबांवर गेली आहे.

१२ मार्च, बुधवार. दुपारी २.००

बाबा आज उठले नाहीत. मीही आग्रह केला नाही. एवढ्या मोठ्या दिवसानंतर विश्रांती हवीच. डोळे उघडे होते, छताकडे. त्यांना दिसेल असं चित्र समोर भिंतीला लावलं.

मनात काहीतरी टोचतंय. बहुधा चेटकिणीचं चित्र मागे पडलंय म्हणून.

१२ मार्च. रात्री

ही पाचला आली. चप्पल पायातच होती, बॅग खांद्यावरच होती. दारातून एकदा बाबांच्या तोंडाकडे बघितलं आणि ओरडली. मी म्हटलं, अगं, पोज आहे ती. तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी कधीच काढू शकणार नाही.

साडेपाचला अॅम्ब्युलन्स.

१३ मार्च, गुरुवार. हॉस्पिटल

मेंदूचा झटका. उजवा हात, उजवा पाय गेला. वाचाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तोंड वाकडं कधीपासून आहे? नक्की वेळ सांगा. काही तासांच्या आत आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं. बोलणं तरी वाचलं असतं कदाचित.

मी म्हटलं, वेळ सांगता येणार नाही.

ही म्हणाली, दिवसभर घरातच होतात ना? मी म्हटलं, मी चित्रकार आहे, डॉक्टर नाही.

ताई आली. बाबांच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

१५ मार्च, शनिवार. सकाळी

कपडे न्यायला घरी आलो. चित्र अजून बाबांच्या पलंगासमोर होतं. खाली उजवीकडे माझ्याच अक्षरात: ११ मार्च, स. १०.४०.

खोडरबरने पुसलं. छपाईला कोपरे स्वच्छ लागतात. पेन्सिल जरा दाबून फिरली होती, कागदावर खाच राहिली. स्कॅनमध्ये दिसत नाही. पाठवून दिलं.

निश्चय: यापुढे दिवसातून दोनदा हॉस्पिटल.

२४ मार्च, सोमवार

संपादकबाई फोनवर अक्षरशः नाचल्या. म्हणाल्या, हे तोंड! हे तोंड तुम्हाला सुचलं कसं? हाच मुखपृष्ठावर. आमच्या ऑफिसात दोघीजणी बघून रडल्या.

तीस वर्षांत माझं पहिलं मुखपृष्ठ. कुणाला सांगावं, कळेना. हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये एका अनोळखी गृहस्थांना सांगितलं. ते म्हणाले, अरे वा, कितवा मजला?

दिवसातून दोनदाचं जमत नाही. वॉर्डातला वास सहन होत नाही मला. कलावंताचं नाक.

२ एप्रिल, बुधवार

मुखपृष्ठाचा नमुना घरी आला. पाकीट हिने फोडलं.

मी आतल्या खोलीत होतो. बाहेर आलो. ही टेबलाशी उभी होती, राक्षस समोर. म्हणाली, हे कधी काढलंत? मी म्हटलं, आठवत नाही. म्हणाली, मी पाचला आले आणि साडेपाचला त्यांना नेलं, मग कधी काढलंत? मी म्हटलं, कल्पनेतून.

ती म्हणाली, वीस वर्षं ऐकतेय, की तुम्ही कल्पनेतून काहीच काढत नाही.

मग नमुना पाकिटात घातला, पाकीट नीट बंद केलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. भांडं एकही नव्हतं.

१० एप्रिल, गुरुवार

बाबांना घरी आणलं. खुर्ची तीच, खिडकी तीच. त्यांच्या तोंडातून एकच आवाज निघतो. पाणी हवं असलं तरी तोच, खिडकी लावायची असली तरी तोच. हिला त्यातला फरक कळतो, ताईला फोनवरूनसुद्धा कळतो. मला कळत नाही.

ही माझ्याशी फक्त गोळ्यांच्या वेळांबद्दल बोलते. आठ. दोन. आठ. त्यात माझी चूक होत नाही. घड्याळासमोर बसून राहतो.

बारा चित्रांपैकी चार झाली. संपादकबाई म्हणतात, सावकाश होऊ द्या, तुमच्या घरी आजारपण आहे. एवढ्या चांगल्या बाई मला आधी कधी भेटल्या नव्हत्या. त्यांचा फोन आला की मी उचलत नाही.

२० एप्रिल, रविवार. सकाळी ११.००

ही बाजारात गेली होती. घरात मी आणि बाबा.

मूळ चित्र बाहेर काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. का, ते माहीत नाही. खोटं आहे. माहीत आहे. त्या दिवशीचं शून्य खरं होतं असं मला एकदा त्यांच्याकडून हवं होतं. पेन्सिल धरता येत नव्हती म्हणून मिळालेलं शून्य पुरत नव्हतं.

निळी पेन्सिल डाव्या हातात दिली. हल्ली त्या हाताने चमचा धरतात. म्हटलं, बाबा, चुका काढा.

राक्षसाकडे बघितलं. खांदे बघितले. तोंडापाशी थांबले. स्वतःचं तोंड त्यांनी बोटाने चाचपलं, मग कागदावरचं. मी मनात म्हणत होतो, मारा तिथे फुली. शंभर मारा.

मारली नाही. तोंड बरोबर होतं.

मग कागद उन्हाकडे थोडा तिरपा केला, आणि पेन्सिल हळूहळू खाली सरकली. उजव्या कोपऱ्यात, जिथे काहीच नाही, तिथे थरथरती फुली. वाकडी, पण फुलीच.

मी म्हटलं, बाबा, तिथे काही नाहीये. त्यांनी तो आवाज काढला. मी म्हटलं, छपाईला कोपरे स्वच्छ लागतात. पुन्हा तोच आवाज, आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. पहिल्यांदाच मला त्यातला अर्थ कळला.

घेतली. कागदावर खाच होतीच, तिच्यावरूनच लिहिलं. ११ मार्च, स. १०.४०. आजवर एवढं सावकाश मी काही लिहिलं नव्हतं.

बाबांनी वाचलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. खिशाकडे खूण केली, मी पेन्सिल त्यांच्या खिशात ठेवली, आणि त्यांनी मान हलवली.

जिन्यावर हिच्या चपला वाजतायत. चित्र टेबलावर उघडं ठेवलं आहे. आता त्यात एकही चूक नाही.