निरंक लिहिलेला फॉर्म

प्रिय नसीम आपा,

काल तुमच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला बाळापूरला जाऊन आले. अमरावतीला परतल्यावर कपाटातला जुना गठ्ठा काढला आणि तुम्ही भरलेला फॉर्म शोधला. तो समोर ठेवूनच हे लिहिते आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आता हे पत्र नेईन कोन वं?"

फॉर्म ओळखीचा आहे ना? मीच आणला होता, मी शिकवते त्या नर्सिंग कॉलेजातून. दुसऱ्यांचं दुःख रोज पाहून नर्सच्या स्वतःच्या जिवावर किती ताण येतो, ते मोजायचं होतं. मूळ प्रश्न इंग्रजीतले, देशोदेशीच्या नर्सना त्यांच्या त्यांच्या भाषेत विचारलेले. मी ते मराठीत आणले, दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत करवून घेतले आणि मुळाशी ताडून पाहिले. शब्द न् शब्द जुळला. केवढी फुशारकी मला!

तुम्ही पहिलाच प्रश्न वाचून हसलात. "'रुग्णांच्या अनुभवांचे विचार नकळत मनात येतात का?' असं कोन बोलते घरी?"

मी म्हटलं, आपा, ते शास्त्रीय आहे. "असंन बाप्पा," म्हणालात आणि चष्मा लावलात.

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यातल्या त्या वार्डात तुम्ही इन्चार्ज होतात. फवारणीचं औषध पोटात गेलेली माणसं तिथे यायची, आणि त्या वर्षांत फार यायची. तेल्हाऱ्याकडून, तुमच्या बाळापूरकडून. काही तर तुमच्या ओळखीची निघायची. तुम्ही नळी घालायचात, नातेवाइकांना दटावून बाहेर काढायचात, आणि ड्युटी संपली की बाळापूरची एसटी धरायचात. तुमचा चेहरा मला कधी वाचता आला नाही. फॉर्म वाचता आला, म्हणून तोच खरा धरला.

सगळ्या प्रश्नांपुढे 'कधीच नाही'. शेवटी 'आणखी काही सांगायचे असल्यास' या ओळीवर, सुवाच्य अक्षरात, 'निरंक'.

त्या दिवशी नवीन लागलेली रेखा पेन घेऊन तुमच्याजवळ आली होती. "आपा, मी काय लिहू?"

"लिही निरंक. वरून कागद आला का निरंक लिहाव. दुसरं काही लिहिलं का खुलासा मांगतेत."

मी शेजारीच चहा पीत उभी होते. सरकारी दवाखान्यातलं हे शहाणपण मला काय नवीन होतं? कॉलेजात जाण्याआधी, सिस्टर असताना, दर महिन्याच्या अहवालात मीही तेच लिहीत आले होते. तरी तुमचे दोघींचे फॉर्म उचलले आणि माझ्या अहवालाच्या बेरजेत घेतले.

पुढे मेट्रनबाईंनी विचारलं, या वार्डात कायम कोणाला ठेवता येईल? मी तुमचा फॉर्म दाखवला. "यांना काही होत नाही," म्हणाले. माझेच शब्द! बाकीच्या सिस्टर बदलत राहिल्या, तुम्ही मात्र निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलात. आणि तुम्ही तरी एकदाही बदली का मागितली नाहीत? एखाद्या दिवशी माझ्याशी कडाकडा भांडायचं होतं, आपा.

तुमच्या घरी मी कितीदा जेवले! सालन झकास असायचं, पण लसूण म्हणून नसायचा त्यात. बाळापूरच्या मुसलमानाघरचं सालन आणि लसूण नाही! "आपा, जैन झालात का?" असं मी चिडवायची. "पोटाले पचत नाही वं," म्हणत तुम्ही आणखी एक पळी वाढायचात. मी मुकाट्यानं वाटी संपवायची.

काल स्वयंपाकाला आचारी बाहेरचा होता. जेवायला बसलो, तर शेजारी बसलेल्या रेखानं सालनाची वाटी दूर सारली, नाकाला रुमाल लावला आणि नुसता जर्द्याचा गोड भात खाल्ला. तुमची शबाना वाढत होती. ती थांबली.

"तुमाले बी लसून नाही चालत काय ताई? अम्मीले बी नाही चालायचा. त्या वार्डात गेली तवापासून. त्या औषधाले तसाच वास येते म्हने."

रेखानं होकारार्थी मान हलवली.

प्रश्न होता फॉर्ममध्ये, आपा. नववा. 'कामाची आठवण करून देणाऱ्या गोष्टी तुम्ही टाळता का?' तुम्ही दोघींनी लिहिलं, कधीच नाही. तुम्ही खोटं लिहिलंत असं मी म्हणणार नाही. मी कचेरीसारखं विचारलं, तुम्ही कचेरीला देतात तसं उत्तर दिलंत. खरं उत्तर तुम्ही मला इतकी वर्षं ताटात वाढत होतात, आणि मी ते चवीनं खाऊन हात धुऊन उठत होते. मला लाज वाटते.

रेखा आता त्याच वार्डाची इन्चार्ज आहे. 'निरंक'वाली म्हणून तुमच्यानंतर तिलाही तिथेच कायम ठेवलं आहे, माझ्याच अहवालाच्या जोरावर.

तुमच्या फॉर्मवर मी खाडाखोड केलेली नाही. फक्त 'निरंक'च्या खाली एक शब्द लिहिला आणि माझी सही केली. लसूण.

उद्या सोमवार. सकाळच्या गाडीनं अकोल्याला जाते. त्या वार्डापुरता माझा अहवाल चुकला आहे, रेखाला तिथून हलवा, असं मेट्रनबाईंना लेखी देते. नंतर एकेका सिस्टरच्या घरी जाईन, फॉर्म न नेता, आणि तिच्या ओट्याशी उभी राहून विचारीन की या वार्डात आल्यापासून घरात काय काय बंद झालं.

खुलासा मागतील, आपा. मी देईन.

तुमच्या घरी पोटभर जेवलेली,
सुनंदा